बाळाचा मेंदू कसा घडतो? संशोधकांच्या चित्रांनी काय शिकवले आणि एमआरआयचा रिपोर्ट कसा समजून घ्यावा

"डॉक्टर, रिपोर्टमध्ये मेंदूला इजा आहे असं लिहिलंय. माझं बाळ चालेल ना?"

पारशिवनीतल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न अनेकदा येतो. बाळ नागपूरला पंधरा-वीस दिवस काचेच्या पेटीत राहून नुकतेच घरी आलेले असते. आजीच्या मांडीवर बाळ, वडिलांच्या हातात फाईल आणि फाईलमध्ये इंग्रजीत लिहिलेला सोनोग्राफीचा किंवा एमआरआयचा रिपोर्ट. मोठ्या दवाखान्यात समजावून सांगितलेले असते, पण त्या धावपळीत आणि भीतीत अर्धेच लक्षात राहते.

मी मेंदूरोगतज्ज्ञ नाही, तालुक्यातला साधा एमबीबीएस डॉक्टर आहे. बाळाचे पुढचे सगळे दिवस तुमच्या घरात आणि आमच्यासारख्यांच्या नजरेखाली जातात, म्हणून हा लेख लिहीत आहे. मेंदू कोणत्या क्रमाने घडतो, संशोधकांनी तो चित्रांतून कसा पाहिला आणि त्यातून तुम्ही काय करायचे, हे इथे टप्प्याटप्प्याने दिले आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- मेंदू एका ठरलेल्या क्रमाने घडतो. प्रत्येक टप्प्याची वेळ ठरलेली असते आणि त्या त्या वेळची काळजीही वेगळी असते.
- एमआरआय किंवा सोनोग्राफी मेंदू कसा दिसतो ते सांगते. मूल पुढे काय काय करू शकेल, हे ती एकटी सांगू शकत नाही.
- रिपोर्ट चांगला असला तरी बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवावे लागते. रिपोर्ट वाईट असला तरी उपचार सोडायचे नसतात.
- उशिरा मान धरणे, मुठी सतत आवळलेल्या राहणे, बाळ पुन्हा पुन्हा दचकल्यासारखे आकसणे, ही लक्षणे दिसली तर वाट पाहू नका.

मेंदूचे चित्र कसे काढतात?

*सोनोग्राफी:* ध्वनिलहरींनी चित्र मिळते. गर्भात आईच्या पोटावरून आणि जन्मानंतर बाळाच्या टाळूवरून ही तपासणी करतात. टाळू भरलेली नसते, म्हणून तिथून मेंदू खिडकीतून पाहावा तसा दिसतो. यात किरणोत्सर्ग नसतो आणि बाळाला पेटीतून हलवावे लागत नाही.

*एमआरआय:* चुंबकाच्या मदतीने बारीक चित्र मिळते. यातही क्ष-किरण नसतात. पण बाळ अर्धा-पाऊण तास स्थिर राहावे लागते. लहान बाळाला दूध पाजून, दुपट्यात नीट गुंडाळून, झोपेतच तपासणी करता येते. मोठ्या बाळाला झोपेचे औषध द्यावे लागते.

*सीटी स्कॅन:* यात क्ष-किरण वापरतात. डोक्याला मार लागणे किंवा अचानक रक्तस्राव, अशा तातडीच्या वेळी तो उपयोगी आहे. केवळ "एकदा पाहून घेऊ" म्हणून बाळाचा सीटी स्कॅन करून घेऊ नये.

*सूक्ष्मदर्शक:* ही दवाखान्यातली तपासणी नाही. प्रयोगशाळेत वाढत्या मेंदूचे अगदी पातळ काप रंगवून पेशी पाहिल्या जातात. मेंदूचा पाया कसा पडतो, हे मुख्यतः अशाच चित्रांतून समजले.

पहिला टप्पा: गर्भधारणेचे पहिले आठवडे

मेंदू आणि मज्जारज्जू यांची सुरुवात एका नळीपासून होते. गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत ही नळी बंद होते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि अनेक बायकांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. नळी वरच्या टोकाला उघडी राहिली तर कवटी आणि मेंदू बनत नाही. खालच्या बाजूला उघडी राहिली तर पाठीवर गाठ येते आणि पायांत कमजोरी राहू शकते.

नळी बंद झाल्यावर मेंदूच्या जागा आखल्या जातात. हे काम कसे चालते यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील चेताशास्त्रज्ञ डॉ. शुभा तोळे यांनी महत्त्वाचे संशोधन केले आहे. 2010 साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि 2014 साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्यांची प्रयोगशाळा उंदराच्या गर्भाच्या मेंदूचे काप रंगवून कोणत्या पेशीत कोणते जनुक काम करते ते पाहते.

वाढत्या मेंदूच्या कडेला पेशींची एक छोटी पट्टी असते. ही पट्टी शेजारच्या पेशींना "तुम्ही स्मरणकेंद्र व्हा" असा इशारा देते. या स्मरणकेंद्राला हिप्पोकॅम्पस म्हणतात. नव्या गोष्टी लक्षात ठेवायला आपल्याला तेच लागते. बाकीच्या पेशींमध्ये एलएचएक्स-2 नावाचे जनुक काम करत असते आणि ते त्यांना अशी पट्टी होण्यापासून रोखते. तोळे यांच्या गटाने अमेरिकेतील सहकाऱ्यांबरोबर हे संशोधन 2008 साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडले. ज्या ठिकाणी हे जनुक नव्हते, तिथे तिथे नवी पट्टी तयार झाली आणि तिच्या शेजारी नको त्या जागी स्मरणकेंद्र उभे राहू लागले. हा बदल अगदी सुरुवातीच्या थोड्या काळातच घडत होता. तो काळ उलटल्यावर जनुक काढले तरी पेशी आपली ओळख बदलत नव्हत्या.

उंदरावरचा निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही. पण मेंदूच्या घडणीत वेळ किती महत्त्वाची असते, हे यातून स्पष्ट दिसते. पायाचे खोदकाम संपल्यावर खांबाची जागा बदलता येत नाही, तसेच हे आहे.

*तुम्ही काय कराल?*

- मूल हवे असेल तर गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून फॉलिक अॅसिडची गोळी रोज घ्या. नेहमीचे प्रमाण 400 मायक्रोग्रॅम आहे. आधीच्या बाळाला पाठीवर गाठ किंवा असा दोष असेल तर बरेच जास्त प्रमाण लागते. ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.
- फिटची गोळी चालू असेल, विशेषतः व्हॅल्प्रोएट, तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटा. गोळी स्वतःहून बंद करू नका. औषध बदलता येते, पण अचानक थांबवणे धोक्याचे असते.
- खर्रा, तंबाखू, गुडाखू आणि दारू पूर्ण बंद. आपल्याकडे खर्रा खाणाऱ्या बायका दवाखान्यात ते सांगत नाहीत. मोकळेपणाने सांगा, कोणी रागावणार नाही.

दुसरा टप्पा: चौथा ते सहावा महिना

या काळात मेंदूच्या पेशी आत तयार होतात आणि तिथून प्रवास करत पृष्ठभागापर्यंत पोहोचतात. पाचव्या महिन्याच्या आसपासही मेंदूचा पृष्ठभाग बराचसा गुळगुळीतच असतो. घड्या नंतर पडतात.

भारतात या टप्प्याचा एक मोठा नकाशा तयार झाला आहे. आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरने डिसेंबर 2024 मध्ये 'धरणी' नावाचा त्रिमितीय नकाशा जगासाठी खुला केला. 14 ते 24 आठवड्यांच्या पाच गर्भांच्या मेंदूंचे 5,132 काप त्यात पेशीच्या पातळीवर पाहता येतात. अशा नकाशामुळे निरोगी वाढ कोणत्या आठवड्यात कशी दिसते हे कळते आणि मग बिघाड ओळखणे सोपे जाते.

*तुम्ही काय कराल?* 18 ते 20 आठवड्यांच्या दरम्यानची सविस्तर सोनोग्राफी चुकवू नका. "बाळ फिरतंय, मग कशाला?" असे म्हणून ती पुढे ढकलू नका. मेंदूत पाणी साठणे, पाठीवरची गाठ, असे दोष बहुधा याच वेळी दिसतात. कायद्याने गर्भपाताची नेहमीची मर्यादा 24 आठवड्यांपर्यंत आहे. त्यानंतर गंभीर दोषासाठी वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. तपासणी वेळेवर झाली तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला आणि शांतपणे विचार करायला वेळ मिळतो.

तिसरा टप्पा: शेवटचे दहा-बारा आठवडे

"सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं नाही" अशी समजूत अजून गावोगावी आहे. ती खरी नाही. बाळ पोटात जितके दिवस जास्त राहील तितके मेंदूसाठी चांगले.

1998 साली पेट्रा हुप्पी आणि सहकाऱ्यांनी कमी दिवसांच्या आणि पूर्ण दिवसांच्या बाळांचे एमआरआय करून मेंदूचे आकारमान मोजले. 29 ते 41 आठवड्यांच्या दरम्यान मेंदू दर आठवड्याला सुमारे 22 मिलिलीटरने वाढत होता. मेंदूच्या वरच्या करड्या थराचे आकारमान या काळात चौपट झाले. पृष्ठभागावर घड्या पडतात त्याही याच काळात.

म्हणून कमी दिवसांच्या बाळाचा मेंदू नाजूक असतो. आत, मेंदूतील पाण्याच्या पोकळ्यांजवळ अतिशय पातळ रक्तवाहिन्या असतात. 32 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळात तिथे रक्तस्राव होऊ शकतो, बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांतच. टाळूवरची सोनोग्राफी त्यासाठीच करतात. त्याच भागातल्या मज्जातंतूंना रक्त कमी पडले तर इजा होते. रिपोर्टमध्ये तिला पीव्हीएल किंवा 'व्हाइट मॅटर' इजा म्हणतात. पायांचे तंतू याच जागेवरून जातात. त्यामुळे अशा बाळांत पाय कडक राहण्याची शक्यता जास्त असते.

*तुम्ही काय कराल?*

- नववा महिना लागण्याआधी कळा आल्या, पाणी गेले किंवा रक्त गेले तर घरी थांबू नका. 108 ला फोन करा. वेळेत पोहोचलात तर आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन देता येते. त्याने बाळाची फुप्फुसे पक्व होतात आणि मेंदूतील रक्तस्रावाचा धोकाही कमी होतो.
- कळा न येता, डॉक्टरी कारण नसताना, मुहूर्त पाहून लवकर सिझेरियन करून घेऊ नका.
- बाळ कमी वजनाचे असेल तर कांगारू मातृ काळजी घ्या. म्हणजे बाळ उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरायचे. आई, वडील, आजी, कोणीही धरू शकते. कोलंबियातील बोगोटा शहरात अशी काळजी मिळालेल्या मुलांचा वीस वर्षांनी एमआरआय केला. त्यांच्या मेंदूचे काही भाग पेटीतच ठेवलेल्या बाळांच्या तुलनेत मोठे आढळले. या उपचाराला एक रुपया लागत नाही.

चौथा टप्पा: जन्माची वेळ आणि पहिला आठवडा

जन्मतः बाळ रडले नाही, श्वास घेतला नाही, तर मेंदूला प्राणवायू कमी पडतो. एमआरआयमध्ये बहुधा मेंदूच्या मध्यभागातील केंद्रे किंवा पांढरा भाग बदललेला दिसतो.

श्रीमंत देशांत अशा बाळांना 72 तास थंड ठेवण्याचा उपचार होतो. शरीराचे तापमान 33.5 अंशांपर्यंत उतरवतात. आपल्याकडे तो किती उपयोगी पडतो हे पाहण्यासाठी भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील सात रुग्णालयांत 2015 ते 2019 या काळात 'हेलिक्स' नावाची चाचणी झाली. मुंबईचे सायन रुग्णालय त्यात होते. 408 बाळे सहभागी होती आणि मेंदूच्या इजेसाठी एमआरआयही केले गेले. 2021 साली निकाल आला. थंड ठेवल्याने मृत्यू किंवा अपंगत्व कमी झाले नाही. उलट थंड ठेवलेल्या गटात 42 टक्के बाळे दगावली आणि नेहमीच्या काळजीच्या गटात 31 टक्के.

हा निकाल वाचून घाबरू नका. प्रगत केंद्रात कोणत्या बाळाला काय द्यायचे हे नवजात शिशुतज्ज्ञ ठरवतात. पण एक गोष्ट यातून नक्की कळते. परदेशात चालणारे यंत्र इथे आणले म्हणजे काम झाले असे नाही. झालेली इजा भरून काढण्यापेक्षा ती टाळणे जास्त हाती आहे. कळा सुरू झाल्यावर वेळेत दवाखाना, तिथे बाळाच्या ठोक्यांवर लक्ष आणि न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास देणारी प्रशिक्षित नर्स, हे सगळे इथेच मिळू शकते. कोलितमाऱ्यासारख्या जंगलाकाठच्या गावांतल्या बायकांनी शेवटच्या आठवड्यांत रस्त्याजवळच्या नातेवाईकांकडे येऊन राहावे, असा माझा आग्रह असतो.

जन्मानंतर घरच्या घरी टाळता येतील अशा दोन इजा आणखी आहेत.

*साखर कमी होणे:* बाळाला वेळेत दूध मिळाले नाही तर रक्तातील साखर उतरते. ती बराच वेळ कमी राहिली तर मेंदूचा मागचा भाग दुखावतो. हा भाग दृष्टीचा असतो. पुढे फिट येऊ शकतात. म्हणून पहिल्या तासातच अंगावर पाजायला घ्या. पहिले चीक दूध फेकू नका. मध, गूळपाणी, घुटी देऊ नका. तीन दिवस "दूध उतरलं नाही" म्हणून बाळाला उपाशी ठेवण्याची चूक तर अजिबात नको.

*कावीळ:* थोडी कावीळ बहुतेक बाळांना होते. पण पहिल्या 24 तासांत पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा बाळ सुस्त होऊन दूध ओढेना, तर त्याच दिवशी दवाखान्यात या. कावीळ फार वाढली तर मेंदूच्या आतल्या केंद्रांत साठते आणि कायमचा बहिरेपणा व हालचालींचा दोष राहतो. कोवळ्या उन्हात धरणे हा अशा काविळीवरचा उपाय नाही. निळ्या दिव्याखाली ठेवावे लागते.

पहिल्या सहा आठवड्यांत आशाताई घरी येतात, दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. हे वेळापत्रक ज्या कामातून आले ते आपल्याच विदर्भातले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. हे संशोधन 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये आले. आशाताईंना दारातून परत पाठवू नका.

पाचवा टप्पा: पहिली दोन वर्षे

2008 साली अमेरिकेत लहान मुलांच्या एमआरआयचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षात मेंदूचे आकारमान 101 टक्क्यांनी वाढते, म्हणजे दुप्पट होते, असे त्यात दिसले. दुसऱ्या वर्षी वाढ होते फक्त 15 टक्के. पहिल्या वर्षाइतका वेग पुढे आयुष्यात कधीच नसतो.

ही वाढ मोजायला दरवेळी एमआरआय लागत नाही. साधा टेप पुरतो. जन्मतः डोक्याचा घेर सुमारे 33 ते 35 सेंटिमीटर असतो आणि वर्षाच्या शेवटी 45 च्या आसपास जातो. लसीकरणाच्या वेळी "डोक्याचा घेर मोजून कार्डावर लिहा" असे जरूर सांगा.

खेड्यातल्या बाळांचा मेंदू पाहण्याचे एक काम उत्तर प्रदेशात झाले. तिथल्या शिवगढ भागात जॉन स्पेन्सर या शास्त्रज्ञाच्या गटाने डोक्यावर टोपीसारखे बसणारे, प्रकाशाने मेंदूतील रक्तप्रवाह मोजणारे यंत्र नेले. चार महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांना चित्रे दाखवून त्यांची दृश्य-स्मरणशक्ती तपासली. ज्या घरांत आईचे शिक्षण आणि उत्पन्न कमी होते, तिथल्या मुलांत मेंदूचा प्रतिसाद कमकुवत दिसला. त्याच भागातल्या 215 बाळांचा दुसरा अभ्यास 2023 साली आला. घरातली हवा जितकी खराब, तितकी बाळांची ही क्षमता कमी आढळली. शेणाच्या गोवऱ्या जाळणाऱ्या घरांत हवा जास्त खराब होती.

यावरून "गरिबाचं मूल मागेच राहणार" असा अर्थ काढू नका. धूर कमी करता येतो आणि बाळाशी बोलता येते, हा यातला धडा आहे.

*तुम्ही काय कराल?*

- बाळाला चुलीच्या धुरात घेऊन बसू नका. गॅस असेल तर निदान बाळ घरात असताना तोच वापरा. घरात बिडी-सिगारेट नको.
- पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध. सहा महिने पूर्ण झाल्यावर घट्ट वरण-भात, अंडे, पालेभाजी, थोडे तेल-तूप. नुसते वरणाचे पाणी आणि बिस्किट यांत लोह नसते. मेंदूला लोह लागते.
- बाळाच्या डोळ्यांत पाहून बोला, गाणी म्हणा, खेळा. मोबाईल हातात दिला की बाळ शांत होते, पण बोलणे शिकत नाही.

रिपोर्ट हातात आला. आता काय?

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये फार कमी दिवसांच्या 167 बाळांचा एमआरआय पूर्ण दिवस भरण्याच्या सुमारास केला आणि दोन वर्षांचे झाल्यावर त्यांना पुन्हा तपासले. 2006 साली निष्कर्ष आले. पांढऱ्या भागाला जितकी जास्त इजा, तितका अडचणींचा धोका जास्त होता. पण इजा दिसूनही बरीच मुले गंभीर अडचणीविना वाढली आणि चित्र चांगले असूनही काही मुले मागे राहिली. लहान मेंदू अजून घडत असतो. काही कामे दुसऱ्या भागांकडून होऊ शकतात, सगळी नाहीत.

तुलनेचाही एक प्रश्न आहे. 2022 साली जगभरातून 1,01,457 व्यक्तींचे 1,23,984 एमआरआय एकत्र करून मेंदूच्या वाढीचे तक्ते तयार झाले, बाळाच्या वजनाच्या तक्त्यासारखेच. पण त्यातली बहुतेक चित्रे युरोप आणि उत्तर अमेरिकेतली आहेत. त्यामुळे "आकार थोडा लहान" एवढ्याच ओळीवरून आपल्या मुलाबद्दल मत बनवू नये.

रिपोर्ट दाखवताना डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारा:

1. इजा कोणत्या भागात आहे आणि एका बाजूला की दोन्ही?
2. या भागाचे काम काय? पाय, हात, डोळे, कान, बोलणे, यांपैकी कशावर लक्ष ठेवायचे?
3. पुन्हा तपासणी लागेल का, आणि कधी?
4. व्यायाम व उपचार आजपासून कोणता आणि कुठे?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. "मोठा झाल्यावर बघू" हे उत्तर पुरेसे समजू नका.

ही लक्षणे दिसली तर लगेच भेटा

- दोन महिने झाले तरी बाळ चेहरा पाहून हसत नाही, नजर लावत नाही.
- चार महिने झाले तरी मान धरत नाही किंवा मुठी सतत आवळलेल्या असतात.
- नऊ महिन्यांतही आधाराशिवाय बसत नाही.
- वर्षाच्या आतच एकच हात वापरते, दुसरा वापरत नाही.
- आवाजाकडे वळत नाही, किंवा आधी करत होते ते करणे बंद झाले.
- तीन ते आठ महिन्यांचे बाळ झोपेतून उठताना लागोपाठ दचकल्यासारखे पुढे वाकते आणि हात फेकते. याला पोटदुखी किंवा नजर लागली समजू नका. ही एक प्रकारची फिट असू शकते. मोबाईलवर चित्रण करा आणि त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. उशीर झाला की मेंदूचे नुकसान वाढते.

कमी दिवसांच्या बाळाचे वय मोजताना जितके आठवडे आधी जन्मले तितके वजा करा. दोन महिने आधी जन्मलेल्या सहा महिन्यांच्या बाळाकडून चार महिन्यांच्या बाळाएवढीच अपेक्षा ठेवायची. दोन वर्षांपर्यंत असाच हिशोब धरतात.

कुठे जायचे?

प्रथम गावातल्या आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा तपासतात. हा कार्यक्रम 2013 साली महाराष्ट्रातील पालघर इथूनच सुरू झाला. पथकाला शंका आली तर ते मुलाला शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तिथे व्यायाम, वाचा, श्रवण आणि दृष्टी यांची तपासणी व उपचार मोफत होतात. नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्स इथे बालरोग विभाग आहेत. जाताना जन्माचे डिस्चार्ज कार्ड, मेंदूचे चित्र असलेली फिल्म किंवा सीडी आणि लसीकरण कार्ड सोबत न्या. नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*प्रत्येक बाळाचा एमआरआय करावा का?* नाही. वेळेवर जन्मलेल्या, रडलेल्या, नीट दूध पिणाऱ्या बाळाला त्याची गरज नसते.

*मेंदूच्या ताकदीचे टॉनिक द्यावे का?* मेलेल्या पेशी जिवंत करणारे टॉनिक नाही. ते पैसे फिजिओथेरपीसाठी नागपूरला जाण्या-येण्यावर खर्च करा.

*सिकलसेल असलेल्या मुलाचे काय?* आपल्या भागात हा आजार बराच आहे. एसएस प्रकार असलेल्या मुलांत मेंदूची रक्तवाहिनी बंद होऊन लकवा होऊ शकतो. दोन वर्षांनंतर दरवर्षी मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर सोनोग्राफी करावी. धोका आधी कळला तर तो कमी करता येतो.

*हे माझ्या चुकीने झाले का?* हा प्रश्न आई सगळे बाहेर गेल्यावर हळूच विचारते. ग्रहण पाहिले, जिना चढली, रडली, म्हणून बाळाच्या मेंदूला इजा होत नाही. एमआरआय इजा दाखवतो, दोष कोणाचा ते दाखवत नाही. अनेकदा तज्ज्ञांनाही नेमके कारण सापडत नाही. घरातल्यांना एकच विनंती. आईला बोल लावण्यात जो वेळ जातो, तो बाळाचे व्यायाम करून घेण्यात घालवा. आई खचली तर बाळाचे उपचार थांबतात. हे मी पाहिले आहे.

"माझं बाळ चालेल ना?" या प्रश्नाला पहिल्या महिन्यात मी हो किंवा नाही असे उत्तर देत नाही. फाईल बाजूला ठेवतो, टेप घेतो, डोके मोजतो, बाळाला पालथे घालून मान पाहतो आणि पुढच्या महिन्याची तारीख कार्डावर लिहून देतो. तुम्ही ती तारीख पाळा. बाळ काय शिकते आहे, हे पुढचे सहा-आठ महिने तेच आपल्याला दाखवत जाईल.

*हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या बाळाच्या तपासणी आणि उपचारांचा निर्णय बाळाला प्रत्यक्ष पाहणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.*